वीस भाग, दुप्पट वेग आणि डोक्यात शून्य

कानसेन
'दीडपट' यांचा सल्ला वाचला: टेक आणि प्रॉडक्टिव्हिटीच्या पॉडकास्टांचे आठवड्याला वीस भाग, सगळे २x वर, ट्रिम सायलेन्स (ॲपनं शांत जागा गाळणं) चालू, हातानं भांडी घासत, आणि महत्त्वाच्या जागेचा टाइमस्टॅम्प, म्हणजे मिनिट-सेकंद, टिपून रविवारी उजळणी. टाळ्या पडल्या म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. तासाचा एक भाग धरला तर वीस तास, दुप्पट वेगानं दहा. वेळ कसा वाचवावा हे ऐकण्यात आठवड्याचे दहा तास घालवायचे, हे ज्यांना विनोदी वाटत नाही त्यांना साष्टांग.

आता वेग. ॲप आवाज 'पळवत' नाही. पळवला तर कार्टूनमधल्या खारीसारखा चिरका येईल. आवाजाच्या लहरीचे बारीक तुकडे कापून, कडा एकमेकांवर चढवून जोडले जातात. स्वर लांब असतात, ते टिकतात. क, ट, प यांचा स्फोट काही मिलिसेकंदांचा, तो कापला जातो किंवा दोनदा वाजतो. गप्पांत हे भागतं, कारण संदर्भावरून शब्द कळतो. सेटिंगचं नाव किंवा व्हर्जन नंबर संदर्भावरून कळत नाही. त्यात ट्रिम सायलेन्स: ठरावीक पातळीखालचा आवाज म्हणजे शांतता, एवढंच त्याला कळतं. मागे पंखा किंवा संगीत असेल तर काहीच कापत नाही. स्टुडिओत स्वच्छ रेकॉर्ड केलेलं असेल तर दोन मुद्द्यांमधला विचार करायचा थांबा खातो.

आणि टाइमस्टॅम्प! हल्ली जाहिराती डाउनलोडच्या क्षणी सर्व्हर घुसवतो. पुण्यात उतरवलेली फाइल आणि न्यू जर्सीत उतरवलेली फाइल यांची लांबी वेगळी. २३:४० ला जे होतं ते दुसऱ्याकडे २४:५० ला. वेळ नको, वाक्य टिपा. चार शब्द पुरतात.

दीडपट
वीस हा आकडा कमाल मर्यादा म्हणून दिला होता, व्रत म्हणून नाही. आणि सगळं एकाच वेगानं ऐका असं मी म्हटलेलं नाही.

(बरं, म्हटलं होतं. वाक्य ढिसाळ होतं.)

अँटेनापॉड या अँड्रॉइडवरच्या पॉडकास्ट ॲपमध्ये प्रत्येक पॉडकास्टला वेगळा वेग लावता येतो. दोघा-तिघांच्या गप्पा १.८, एकटा माणूस लिहून आणलेलं वाचतोय तर १.३, कोडबद्दल बोलणारा असेल तर १. तिथेच सुरुवातीचे नि शेवटचे किती सेकंद गाळायचे तेही भरता येतं, शीर्षक संगीताची कटकट संपते. आयफोनवर ओव्हरकास्ट ॲपचं स्मार्ट स्पीड थांबा छाटतं, बोलण्याचा वेग तसाच ठेवतं. ज्यांना २x सोसत नाही त्यांनी तेवढंच चालू करावं. टाइमस्टॅम्पचं म्हणाल तर माझी उतरवलेली फाइल बदलत नाही. ती पुसेपर्यंत २३:४० हे २३:४०च.

कानसेन
आणि 'ऐकून झालं की आपोआप पुसा' हा सल्ला कोणी दिला होता? तुम्हीच, त्याच लेखात, मुद्दा क्रमांक चार. रविवारी उजळणीला बसाल तेव्हा फाइल परत उतरणार, नव्या जाहिरातींसकट.

दीडपट
मान्य. आवडलेला भाग पुसायचा नाही अशी सोय असते, ती लिहायची राहिली. समाधान झालं?

बिनसाखरेचा
तुम्ही दोघं इंग्रजी पॉडकास्टांवर भांडताय. मराठीत ऐकायला जा, यातलं काहीच चालत नाही, कारण ते पॉडकास्टच नाहीत. दोन खुर्च्या, दोन माइक, मागे कुंडी, यूट्यूबवर दीड तासाचा व्हिडिओ, आणि नाव पॉडकास्ट. पॉडकास्ट म्हणजे आरएसएस फीड: नव्या भागांची यादी, जी कुठलंही ॲप वाचू शकतं. फीडमध्ये फाइल जोडायची सोय २००० सालची, जून २००५ ला आयट्यून्स ४.९ मध्ये ती घराघरात गेली. फीड असेल तर ॲप माझं, वेग माझा, फाइल माझी. फीड नसेल तर यूट्यूब प्रीमियमचे पैसे भरा, नाहीतर स्क्रीन बंद केली की पाहुणा गप्प. २०२४ मध्ये गुगलनं स्वतःचं पॉडकास्ट ॲप बंद करून लोकांना यूट्यूब म्युझिककडे हाकललं, तेव्हापासून तर बोलायलाच नको.

अक्षरधनी
'प्रॉडक्टिव्हिटी'ला कार्यक्षमता म्हणा, पॉडकास्टला श्राव्यमालिका. इतकं अवघड आहे का?

बिनसाखरेचा
श्राव्यमालिकेलाही फीड लागतेच.

तिरकी रेघ
बिनसाखरेचा, नावातच कडूपणा. प्रेक्षक यूट्यूबवर आहे म्हणून लोक तिथे टाकतात, तुमच्यावर सूड म्हणून नाही. शुद्धतेचा सोस आहे तर फुकट करून द्या कोणाला फीड.

बिनसाखरेचा
करायला लागतं काय? व्हिडिओतून ऑडिओ काढा. नुसत्या बोलण्याला मोनो (एकाच चॅनेलची फाइल), ६४ केबीपीएस एमपी३ भरपूर. तासाला सुमारे २९ एमबी, १२८ वर सुमारे ५८. एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅमच्या लाउडनॉर्म फिल्टरनं आवाजाची सरासरी पातळी -१६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक), शिखर -१.५ डेसिबल. फाइल आणि फीड ठेवायला फुकट होस्टिंग मिळतं. एकदा फीडचा पत्ता ॲपल आणि स्पॉटिफायला दिला की पुढचे भाग आपोआप जातात.

कानसेन
मोनोला -१६ नाही! मोनो फाइल दोन्ही कानांत वाजते, म्हणून -१९. किंवा लाउडनॉर्ममध्ये ड्युअल मोनो (मोनो दोन्ही कानांत वाजणार हे धरून मोजणं) चालू करून -१६ द्या, परिणाम तोच. दोन्ही विसरलात तर तुमचा भाग इतरांपेक्षा ३ डीबीनं (डेसिबलनं) बोंबलेल. आणि दोन पासमध्ये, म्हणजे फेऱ्यांत, चालवा: पहिला मोजतो, दुसरा लावतो. एकाच पासमध्ये ते जाता जाता पातळी हलवतं, पाहुणा थांबला की पंख्याचा आवाज फुगून वर येतो.

बिनसाखरेचा
बरोबर. -१९.

तिरकी रेघ
छान. मूळ रेकॉर्डिंगच गुहेतलं असेल तर लाउडनॉर्म काय करणार? खरी गोम तिथे आहे आणि ती व्हिडिओमुळेच आहे, हे (नाइलाजानं) बिनसाखरेचांच्या बाजूनं लिहिते. चेहरा झाकू नये म्हणून माइक ४० सेंटीमीटरवर. खरं तर तो १० ला हवा. अंतर दोनदा दुप्पट, म्हणजे थेट आवाज १२ डीबीनं खाली. भिंतींवरून येणारा घुमारा मात्र तेवढाच. मग एडिटर १२ डीबी वर चढवतो आणि घुमाराही १२ नं चढतो. शिवाय दोन माइकमधलं अंतर तोंड-ते-माइक अंतराच्या तिप्पट तरी हवं. ४० ला १२० सेंटीमीटर. छोट्या टेबलावर तेवढं नसतं, मग प्रत्येकाचा आवाज दोन्ही माइकांत किंचित वेगवेगळ्या वेळी शिरतो आणि डब्यातून बोलल्यासारखं येतं. उपाय? बोलत नसेल त्याचा ट्रॅक एडिटमध्ये खाली ओढा, किंवा कॉलरचा माइक लावा. काचेची भिंत आणि उघडी फरशी असेल तर जाड पडदा, सतरंजी.

कानसेन
आणि असं घुमणारं रेकॉर्डिंग २x वर टाका! तुकडे जोडताना घुमाऱ्याची शेपूट पुढच्या अक्षरावर चढते. लोकलमध्ये ऐकणारा मग आवाज वाढवतो, तेवढ्यात जाहिरात कानात आदळते. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. पातळी ३ डेसिबलनं वाढली की सुरक्षित वेळ निम्मा. गाडीत आवाज चढवण्याऐवजी कानात नीट बसणारे इअरफोन निवडा, किंवा नॉइज कॅन्सलिंग. 'वीस भाग' वाल्यांनी हा गुणाकारही करावा.

दीडपट
फिरून माझ्यावरच. मराठी चॅनेलवाल्यांच्या काचेच्या भिंतींनाही मीच जबाबदार.

चहाबाज
डोक्यात राहतं का, हा प्रश्न कुठे हरवला? भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होणं बंद करा, अँटेनापॉडमध्ये 'सलग वाजवणं'. शांततेत तीन ओळी लिहा: काय सांगितलं, कशावर शंका आहे, सोमवारी काय करून बघायचं. तिसरी ओळ सुचली नाही तर तो भाग करमणूक होता, तसं मान्य करा. ऑटो-डाउनलोड बंद, नवे भाग इनबॉक्समध्ये पडू द्या, रांगेत पाचच. सहावा घ्यायचा तर एक काढा. शोधायची सोय हवी तर बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ पासून खुलं आहे, भाग त्याला देऊन मजकूर काढा. इंग्रजीला छोटं मॉडेलही चालतं. मराठीला मोठंच घ्या, तरी तांत्रिक शब्द चुकतात आणि संगीताच्या जागी एकच वाक्य दहा वेळा लिहून ठेवतं. ते हातानं काढा.

तिरकी रेघ
मजकूर वाचायचाच आहे तर ऐकायचं कशाला? एवढ्या वेळात लेख होतो वाचून.

चहाबाज
भांडी घासताना वाचून दाखवा.

दीडपट
बघा, भांड्यांचा मुद्दा टिकला. लेखात दुरुस्ती केली: वीसचे पाच, वेग प्रत्येकाला वेगळा, टाइमस्टॅम्पऐवजी वाक्य. सोबत 'कानसेन यांच्या आग्रहास्तव' असं लिहिलंय, आग्रह हा शब्द सौम्य आहे याची नोंद घ्यावी.

कानसेन
मुद्दा क्रमांक चार अजून तसाच आहे.