जुनी बुलेट ३५०: हेडचं तांब्याचं पॅकिंग तापवून परत वापरू की नवं टाकू?

मंडळी, आमच्याकडे चोपड्याला वडिलांच्या काळातली बुलेट आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक (सिलिंडर), पॉइंटवाली, गिअर उजव्या पायात. रोज वावरात जाते, कधी शिरपूरपर्यंत.

उन्हाळा लागल्यापासून हेड (ब्लॉकवरचं झाकण) आणि ब्लॉकच्या सांध्यातून उजव्या अंगाला ऑईल पाझरतं. फिनांवर धुळीचा राप बसलाय. किकही हलकी लागते. गाडी चालू ठेवून सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं तर मागच्या बाजूला बुडबुडे येतात, म्हणजे नुसतं ऑईल नाही, कॉम्प्रेशनही जातंय.

गावातला मिस्तरी म्हणतो, "भो, ॲनाबॉन्ड लावू अन् कसून टाकू." ॲनाबॉन्ड म्हणजे सांधा बुजवायचा लगदा. मला ते पटत नाही. जास्तीचा लगदा आत सुटून ऑईलच्या वाटेत अडकला तर वरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) कोरडे पडायचे. आतलं पॅकिंग तांब्याच्या पत्र्याचं आहे, फाटलेलं नसावं. ते लाल करून परत घालता येतं असं ऐकलंय. कुणी स्वतः केलंय का? आणि हेडला लेथवर फेस मारावाच (तोंड सपाट करावंच) लागतो का?

प्रतिसाद
भाऊ, हेड खोलायच्या आधी एक करा. रॉकेलनं सगळं धुऊन, वाळवून, सांध्यावर आणि वर रॉकरकडे जाणाऱ्या बाहेरच्या नळीखाली टाल्कम पावडर भुरभुरा. थोडं फिरवून आणा. पुष्कळदा ऑईल बँजो बोल्टच्या (त्या नळीच्या टोकाचा पोकळ बोल्ट) वायसरमधून उतरतं आणि बदनाम हेड होतं. तुमचे बुडबुडे मात्र खरे, त्याला पॅकिंगच.

तांबं दाबून दाबून कडक होतं, म्हणून पुन्हा मऊ करायचं. अंधाऱ्या जागी गॅसच्या ज्योतीवर सगळीकडून मंद लाल होईतो तापवा. मग पाण्यात बुडवा नाहीतर तसंच गार होऊ द्या, तांब्याला फरक पडत नाही (लोखंडाची गोष्ट वेगळी). काळा थर चिंचेच्या कोळानं निघतो. पॅकिंगवर आरपार जळका माग दिसला तर मात्र नवंच घ्या.

खरी गोम सपाटीत असते. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक लोखंडाचा. तापल्यावर हेड ब्लॉकच्या जवळपास दुप्पट पसरतं, सांधा सतत सरकत राहतो. जाड काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड आठाच्या आकड्यात फिरवा. सगळीकडे सारखी घासण दिसली की थांबा. लेथ शेवटी, फार वाकलं असेल तरच.

बसवताना पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. गाडी एकदा नीट तापली की पूर्ण गार होऊ द्या, नट परत बघा आणि मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावा. हेड खाली बसलं की टॅपेट बदलतो, लोक हेच विसरतात. इंजिन गार असताना पुशरॉड (रॉकरला ढकलणारी दांडी) बोटानं फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये.

मूळ विचारणारा
दादा, पावडर लावून पाहिली. बँजोचा एक वायसर गळतोच आहे, पण सांध्यापाशीही ओलं झालं. तेव्हा हेड उतरवतोच. एका स्टडचे आटे ढिले वाटतात, नट शेवटी फिरतच राहतो. जळगाव-भुसावळकडे आटे भरून देणारा भरवशाचा लेथवाला कुणाच्या पाहण्यात आहे का? केळीची गाडी भरायच्या आधी उरकायचंय.