मदत हवी: लिथियम चालू आहे, मुलगा वसतिगृहात जातोय

मुलगा 19 वर्षांचा, बायपोलर (कधी अति उत्साहाचा उन्माद, कधी नैराश्य). लिथियम 300 मिग्रॅ: सकाळी एक, रात्री दोन. रक्तातल्या लिथियमची शेवटची लेव्हल 0.7. आजवर गोळ्या आम्हीच हातात देतो. तिकडे रक्ततपासणी, आजारपण, परीक्षेची जागरणं कशी सांभाळायची? एकादशी धरतो, ती चालेल का?

निशिगंध: ताई, रक्त रात्रीच्या गोळ्यांनंतर 12 तासांनी द्यायचं. 9 ला घेतल्या तर सकाळी 9 ला रक्त, सकाळची गोळी त्यानंतरच. मुलं सवयीने गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो. ट्यूबही बघायला सांगा. हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये बहुधा लिथियम हेपॅरिनच असतं, त्यामुळे लेव्हल खोटी वाढलेली दिसते. डोस बदलला की आठवड्याने लेव्हल, पहिलं वर्ष दर 3 महिन्यांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम दर 6 महिन्यांनी.

एकादशी चालेल, निर्जळी अजिबात नको. पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. जुलाब-उलट्यांतही हाच धोका, त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी नको.

पाणवठा: ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक लेव्हल चढवतात, आणि कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना होते. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, झोकांड्या जाणं दिसलं तर थेट कॅज्युअल्टी.

मला खरी काळजी जागरणाची वाटते. झोप तुटल्याने उन्माद सुरू होतो, आणि उन्मादाची पहिली खूणही बहुतेकदा तीच असते. दोन रात्री तीन-चार तासच झोपून तो ताजातवाना दिसला तर तिसऱ्या रात्रीची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. ही खूण कुणा रूममेटला सांगायची ते त्यालाच ठरवू द्या.

धागाकर्ती: रात्रीच्या गोळ्या विसरला तर सकाळी तीन घ्यायच्या?

निशिगंध: नाही, सकाळची एकच. राहिलेल्या सोडून द्यायच्या, आठवड्याच्या डबीत चूक लगेच दिसते. थरथर किंवा तहानेला कंटाळून मुलं औषध एकदम बंद करतात आणि आजार उसळतो. बंद करायचंच झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निदान 4 आठवडे घेऊन.

पाणवठा: तो सज्ञान आहे, म्हणून 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारपणात उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारी व्यक्ती) त्यानेच नेमायचा. साध्या कागदावर लिहून सही पुरते. जाण्याआधी, तो बरा असतानाच करून घ्या. अडीनडीला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, चोवीस तास, मराठीतही बोलतात.