सापाचं वर्ष, माझी साठी आणि सापाचीच भीती: कुठं जावं?

रमणमळा६५ · १४ जून २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटेल, पण विचारतेच.

माझा जन्म १९६५ चा, श्रावणातला. लेक सिंगापूरला असते. तिच्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीनं तिला सांगितलं की तुझी आई चिनी पंचांगातल्या सापाच्या वर्षातली आणि यंदा परत सापाचंच वर्ष आहे, २९ जानेवारी २०२५ ते १६ फेब्रुवारी २०२६. झालं. तेव्हापासून धोशा लावलाय: आई, तुझी साठी आपण सापाच्या गावाला जाऊनच करायची. यादीपण आली. पेनांगचं सापांचं देऊळ, बँकॉकची सर्पशाळा, चीनमध्ये हांगचौचं तळं, जिथं पांढऱ्या नागिणीला मनोऱ्याखाली कोंडल्याची गोष्ट आहे. (तो मनोरा १९२४ ला पडला, २००२ ला परत बांधला. म्हणजे नागीण मधल्या काळात सुटली असणार.) सोबत कुरिअरनं लाल मोज्यांचे दोन जोड. स्वतःच्या प्राण्याचं वर्ष तिकडं जपून काढतात, अंगावर काहीतरी लाल घालतात म्हणे. थोडक्यात साडेसाती, फक्त एका वर्षाची.

अडचण अशी की साप म्हटलं तरी मला घाम फुटतो. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी होतं. ओसरल्यावर घर धुवायला आलो, तर गॅसच्या शेगडीमागं चिखलात वेटोळं. धामण होती, बिनविषारी होती, हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणाला मी शेजारणीच्या जिन्यावर होते आणि बादली माझ्या हातात तशीच. अजून ओट्याखाली हात घालायच्या आधी केरसुणी आपटते.

ह्यांचं म्हणणं, "साप बघायला विमानाचं तिकीट? पुरात फुकट आला होता की."

तरी जावंसं वाटतंय. बँकेत चौतीस वर्षं नोटा मोजल्या, आता एवढं तरी करते. कुठलं ठिकाण निवडू? आणि त्याआधी कोल्हापूरच्या आसपास सराव करण्यासारखं काही आहे का? अजगर गळ्यात घालून फोटो, असलं काही सुचवू नका.

शिराळ्याचा बाळू

काकू, सरावच करायचा तर पेठनाक्यावरनं आत वळा की. बत्तीस शिराळा. यंदा पंचमी २९ जुलैला आहे.

पण जुने व्हिडिओ बघून याल तर हिरमोड होईल, म्हणून आधीच सांगतो. मी लहान असताना पंचमीच्या आधी पोरं काठ्या-कुदळी घेऊन शिवारात माग काढत फिरायची. धरलेला नाग मडक्यात, मडक्याच्या तोंडाला फडकं, मडकं आढ्याला टांगलेलं. पंचमीला दारात जिवंत नाग आला की आई ओवाळायची, लाह्या वाहायची. तिला सख्खा भाऊ नव्हता. आदल्या दिवशीचा भावाचा उपवास ती नागासाठी धरायची. मग वाजतगाजत अंबाबाईच्या देवळाकडं. बाईनं केलेला मातीचा नाग गोरखनाथांनी जिवंत केला, तिथनं ही पूजा सुरू झाली, असं आमच्यात सांगतात.

आता कायद्यानं ते बंद आहे. न्यायालयानं जिवंत नागाची पूजा आणि खेळ थांबवले. १९७२ चा वन्यजीव कायदा होताच, २०२२ च्या दुरुस्तीनं नाग पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या रांगेत. हल्ली पूजा प्रतिमेची. गावात याचा राग आहे, खोटं कशाला बोलू? मलापण होता. पण दिवस कलताना त्या नागाच्या फण्यावर हळदकुंकवाचा कसा चिखल झालेला असायचा, तेपण मला आठवतं. आई ते ओल्या फडक्यानं पुसायला जायची आणि बाबा ओरडायचे.

या. आमच्याकडं उतरा. दिंडं खायला घालतो. पंचमीला घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तेव्हा तिखटाची अपेक्षा ठेवू नका.

उगाच एक

चिन्यांचं वर्ष आपण कशाला साजरं करायचं? तिकडं सापाची पूजा नाही, सूप करतात. आपलं संवत्सर विसरलात वाटतं.

रमणमळा६५

बरी आठवण केलीत. पंचांग काढून बसले. यंदाचं शके १९४७, विश्वावसु संवत्सर. माझ्या जन्माचं शके १८८७, तेही विश्वावसुच! आपली संवत्सरं ६०, ती फिरून आली. चिन्यांचे प्राणी १२ आणि तत्त्वं ५, त्यांचाही फेरा ६० वर्षांचा. १९६५ ला लाकूड-साप होता, यंदा परत लाकूड-साप. मधले १९७७, १९८९, २००१, २०१३ हे साप वेगळ्या तत्त्वांचे. म्हणजे माझी साठी दोन्हीकडच्या हिशेबात तंतोतंत बसते. चौतीस वर्षांत ताळेबंद इतका पहिल्या झटक्यात कधी जुळला नव्हता.

आणि १२ वर्षांच्या फेऱ्याचं आपल्याला काय नवल? नृसिंहवाडीचा कन्यागत सोहळा गुरू कन्येत आला की, १२ वर्षांनीच येतो. २०१६ ला आपण सगळे गेलोच होतो की.

लाकडी साप म्हणजे जत्रेतला, सांध्यासांध्यात वळणारा, असं ह्यांनी जाहीर केलंय.

बाळू, दिंडं कबूल.

पेनांगचा पाहुणा

मी बायान लेपासच्या एका कारखान्यात तीन वर्षं काढलीत. ते देऊळ तिथंच, विमानतळाजवळ, त्यामुळे घरचं कुणी आलं की पहिली फेरी तिकडंच. चोर सू कोंग नावाच्या साधूच्या स्मरणार्थ १८५० च्या सुमाराला बांधलेलं. तो सापांना आसरा द्यायचा, म्हणून देऊळ झाल्यावर रानातले साप आपणहून आले, अशी श्रद्धा.

भीतीचं म्हणाल तर काकू, तिथं काही घडतच नाही. वेदीजवळ कुंडीत वाळक्या फांद्या रोवलेल्या, त्यांच्यावर वॅगलरचे चापडे, म्हणजे झाडावर राहणारे विषारी साप. मादी चांगली जाड, नर पोरगेलासा, हिरवा. उदबत्तीचा धूर एवढा की डोळे चुरचुरतात. लोक म्हणतात धुरानं साप गुंगलेत. खरं तर हा साप मुळातच रात्री दबा धरून बसणारा, दिवसा तसाच तासन्‌तास पडून राहतो. माझ्या आईला दहा मिनिटं ते प्लास्टिकचे वाटले होते. एकानं जीभ काढली आणि आई थेट बाहेरच्या अंगणात.

गर्दी करून साप असतील असं समजू नका. शेजारी तिकीट काढून बघायचं सर्पालय आहे, ते नाही बघितलं तरी चालेल. सिंगापूरहून विमानानं दीड तास. मलेशियाला सध्या आपल्याला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन कार्ड भरायचं.

एक घोळ मात्र आहे. तिथली मोठी जत्रा चिनी पहिल्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, त्या साधूच्या जन्मदिवसाला. पुढच्या वेळी ती २२ फेब्रुवारी २०२६ ला येते. तोवर सापाचं वर्ष संपून घोड्याचं लागलेलं असेल.

चापडा

ताई, मी कोल्हापुरात साप सोडवायला जातो, त्यामुळे शेगडीमागच्या धामणीसारखे फोन पुरात दिवसाला किती येतात विचारू नका. बिळात पाणी शिरलं की तीपण आपल्यासारखीच कोरडी जागा शोधते. तिला तुमची शेगडी मिळाली.

सरावाला आंबोली. आजऱ्यावरनं जा. पावसाळ्यात रात्री तिथली जाणकार पोरं रानवाटेनं फिरवून आणतात. दिसला तर मलबारी चापडा दिसेल, हिरवा, तपकिरी किंवा पिवळट, एकाच जातीत इतके रंग. नशीब असेल तर हरणटोळ. पेनांगचा आणि आपला चापडा एकाच कुळातले. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये दोघांनाही खळगा असतो, त्यानं अंधारात उंदराच्या अंगाची ऊब कळते. पेनांगात जो फांदीवर मांडलेला बघणार, तो इथं त्याच्या घरी बघाल.

गमबूट पाहिजेतच. वेलीला, फांदीला आधारासाठी हात लावायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापडा त्यात नाही. फ्लॅश मारू नका. आणि जो वाटाड्या काठीनं साप उचलून "घ्या फोटो" म्हणेल, त्याच्याबरोबर परत जाऊ नका.

बँकॉकलाही जमलं तर जा. क्वीन साओवाभा संस्था, थाई रेडक्रॉसची. कामाच्या दिवशी सकाळी समोर विष काढून दाखवतात आणि ते कशासाठी तेही सांगतात. तिथं तमाशा कमी आणि काम जास्त.

रमणमळा६५ · २४ ऑगस्ट २०२५

सांगायला उशीर झाला.

शिराळ्याला पंचमीला गेलो. यंदा केंद्रानं २१ जणांना नाग धरायची परवानगी दिली होती, तीपण फक्त शिकवण्यापुरती, त्यामुळे गावात त्याचीच चर्चा. मी नाग काही बघितला नाही. बाळूच्या आईंबरोबर मातीच्या नागाला लाह्या वाहिल्या, दिंडं खाल्ली, तुपाची वाटी दोनदा भरून घेतली. त्यांना विचारलं, जिवंत नागाची भीती वाटायची नाही? म्हणाल्या, "भावाची कसली भीती? भावजयीची असते." आपल्याला ही बाई आवडली.

आंबोली मागच्या शनिवारी. धुकं असं की बॅटरीचा झोत पांढऱ्या भिंतीवर पडल्यासारखा. हे तोंड वाकडं करून आले होते, येताना आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायचा एवढ्या बोलीवर. वाटाड्या पोरगा एका करवंदीच्या जाळीपाशी थांबला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही ह्याच्याजवळनं दोनदा गेलाय." माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, ओल्या फांदीवर, शेवाळ्याच्या रंगाचा. चापडा. अंगावर पावसाचे थेंब तसेच. घाम फुटला, ते फुटायचंच. पण पाय जागेवर राहिले. सहा-सात हातांवरनं पंधरा मिनिटं बघत होते आणि तो तेवढ्या वेळात हलला नाही. हे शेवटी हळू आवाजात म्हणाले, "जिवंत हाय न्हवं?" तेव्हा त्यानं मान थोडी फिरवली. ह्यांनी माझा दंड धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

आता पेनांग ठरलंय, पण जत्रेला जावं की सापाच्या वर्षात? लेकीला २० ते २५ फेब्रुवारीचीच सुट्टी मिळतेय.

चापडा

जत्रेला जा. सापाच्या विषावरची लस घोड्याच्याच रक्तापासून बनते. साप संपल्यावर घोडा लागला, यात काही बिघडत नाही.

रमणमळा६५

हे ह्यांना वाचून दाखवलं. तिकिटं काढली, तिघांची. "पुरात फुकट" हे वाक्य घरात परत काढायचं नाही असं ठरलंय.

चापडादादा, गमबूट पाहिजेत म्हणालात, पण जळवांचं बोलला नाहीत. बुटाच्या आत लेकीचे लाल मोजे घातले होते, दोन्ही पायांना मिळून पाच निघाल्या. मोजे धुऊन ठेवलेत, पेनांगला तेच नेणार. रक्ताचा डाग त्यांच्यावर अजिबात कळत नाही.