किरकोळ केस, पण कागद किरकोळ नसतात

बेकायदा सीमा ओलांडताना कुणी सापडला की जवानांनी भरायच्या कागदांबद्दल 'दोन ओळी लिहायच्या आणि दंड लावायचा, त्यात काय एवढं' असं म्हणतात, ते मला नाही पटलं. गुन्हा साधा असला तरी माणूस नेमका कुठे सापडला, किती वाजता, सीमारेषेच्या कुठल्या बाजूला, यातलं एक जरी ढिलं राहिलं तर पुढे अपिलात केस टिकत नाही, आणि हे सगळं अंधारात, पावसात, गस्त चालू असताना लिहायचं. साक्षीदार आणायचा कुठून तिथे?

त्यात सगळ्यात अवघड भाषा. समोरच्याला आरोपच कळला नसेल तर त्याच्या सहीला काय अर्थ? युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने १९८४ मध्ये ओझ्तुर्क विरुद्ध जर्मनी या केसमध्ये, साधा ट्रॅफिकचा दंड असूनही, दुभाष्याचा खर्च त्या माणसाकडून घेता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. शिवाय नावांचा घोळ, पासपोर्टवर वर एक स्पेलिंग आणि खाली मशीनसाठीच्या ओळींत कधीकधी दुसरंच. जवानांना फोनवर तरी चोवीस तास दुभाषी मिळायलाच हवा, आणि कागद कसे भरायचे याचं ट्रेनिंगही नीट, मनापासून द्यायला हवं.