कानटोपी मागवताना टेप हातात घ्या

सिमल्याला जायचंय आणि आईबाबांसाठी ऑनलाइन कानटोप्या घ्यायच्यात म्हणताय, तर आधी शिंप्याची टेप काढा. भुवयांच्या वर बोटभर आणि कानांच्या वरून गोल फिरवून माप घ्या. मोठ्या माणसाचं साधारण ५४ ते ६० सेंमी भरतं. 'फ्री साइज' म्हणजे बहुतेक वेळा मधलं माप. बाबांचं डोकं ६० असेल तर ती टोपी कानावरून सारखी वर सरकणार.

दुसरं, 'वूलन' या शब्दावर जाऊ नका. मीही फसलेय. फोटोत जाडजूड लोकर, घरी आली तर आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात '१०० टक्के अ‍ॅक्रिलिक'. म्हणजे लोकर नाहीच, कृत्रिम धागा. एक धागा ओढून जाळला, तर वितळून कडक काळा मणी झाला. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि चुरडली की राख होते. (जाळण्याआधी परत करायची मुदत बघा, मी नव्हती बघितली!)

अ‍ॅक्रिलिक वाईटच असं नाही, धुवायला सोपं. पण वीण सैल असेल तर वारा आरपार जातो, म्हणून आत फ्लीसचं (मऊ, लवदार कापडाचं) अस्तर असलेलीच घ्या. आणि प्रतिक्रियांमध्ये लोकांनी स्वतः काढलेले फोटो तेवढे बघा.