डेकखालच्या ग्राउंडहॉगचा बंदोबस्त कसा करावा? (न्यू जर्सी)

पाऊलवाट:
आमचे घर एडिसनजवळ आहे. मागच्या डेकखाली (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखाली) ग्राउंडहॉगने, म्हणजे बिळात राहणाऱ्या इथल्या एका जाड्या उंदीरवर्गीय प्राण्याने, बीळ केले असून एप्रिलपासून त्याच्या तोंडाशी लालसर मातीचा ढीग वाढतोच आहे. पुण्याहून आलेल्या सासूबाई त्याला पाहून ‘केवढी ही घूस!’ म्हणत आत पळाल्या, आणि उकरण्याचा झपाटा पाहता त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. भाजीचे वाफे गेले ते गेले, खरी काळजी घराची आहे. डेकचा एक खांब ज्या काँक्रीटवर उभा आहे त्याच्या कडेची माती खचली आहे, आणि परवाच्या पावसात पन्हळीचे पाणी सरळ बिळात उतरताना मी पाहिले. तळघराची भिंत तिथून जेमतेम चार फुटांवर आहे. एका कंपनीचा माणूस ‘सापळा लावून उद्याच उचलून नेतो’ असे सांगून गेला आहे. त्याला होकार द्यावा का?

रानजाई:
मे महिन्यात तरी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राउंडहॉगची पिल्ले एप्रिल-मेमध्ये जन्मतात. मादी पकडून नेली, तर मागे राहिलेली चार-पाच पिल्ले तुमच्या डेकखालीच मरतील, आणि त्या दुर्गंधीचे निवारण ढिगाऱ्यापेक्षा अवघड ठरेल. साधारण जुलैत पिल्ले आपापली वाट धरतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास हा प्राणी शीतनिद्रेत जातो. त्यामुळे हुसकावण्याचे काम जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात करणे सोयीचे पडते. शिवाय पकडलेला प्राणी दुसरीकडे नेऊन सोडण्यावर बऱ्याच राज्यांत निर्बंध आहेत, तेव्हा राज्याच्या वन्यजीव विभागाला आधी विचारावे.

तोवर पन्हळीच्या नळाला लांब जोड लावून पाणी घरापासून दूर काढा; ते मात्र आजच करा. बीळ नुसते असण्यापेक्षा त्यात मुरणारे पाणी पायाला अधिक घातक असते. आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. मातीचा ढीग असलेले तोंड हे मुख्य दार असते, पण पळून जाण्यासाठी आतून उकरलेले दुसरे तोंडही बहुधा असतेच, आणि तिथे ढीग नसल्यामुळे ते गवतात सहज नजरेतून सुटते.

ओसरी:
आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, म्हणजे जिथे दर २ फेब्रुवारीला याच प्राण्याला हवामानाचा अंदाज विचारतात, त्या राज्यात. त्यामुळे त्याचे कौतुक पुरेसे करून झाले आहे. पहिल्या वर्षी मी खरबुजाच्या फोडी ठेवून पिंजरा लावला आणि रात्री दार उघडेच राहू दिले. ग्राउंडहॉग दिवसा हिंडतो हे तेव्हा माहीत नव्हते. सकाळी पिंजऱ्यात स्कंक, म्हणजे घाबरला की दुर्गंधीचा फवारा मारणारा प्राणी, होता! जुनी चादर पुढे धरून, एकेक पाऊल टाकत मी त्याला कसे सोडवले ते माझे मला ठाऊक. दुसऱ्या खेपेस ग्राउंडहॉग सापडला, रीतसर परवानगी असलेला माणूस त्याला घेऊनही गेला, आणि पुढच्या वसंतात त्याच आयत्या बिळात दुसरा येऊन राहिला. कोल्हे, स्कंक आणि ऑपॉसम हेही अशा बिळांच्या शोधात असतातच.

म्हणून पैसे घालायचे तर जाळीत घाला. आम्ही डेकच्या कडेने एक फूट खोल चर खणला, जाड तारेची गॅल्व्हनाइज्ड जाळी वर डेकच्या लाकडाला ठोकली, खाली चरात सोडली आणि तळाशी काटकोनात वाकवून फूटभर बाहेरच्या बाजूला पसरली. प्राणी कडेला उकरू लागतो, पंजा जाळीला लागतो, आणि आणखी मागे सरकून उकरावे हे त्याला सुचत नाही. जाळी घराच्या बाजूला वाकवली तर सगळी मेहनत वाया जाते. एका तोंडापाशी फक्त बाहेर उघडणारे झडपेचे दार ठेवा आणि ते काही दिवस तसेच राहू द्या.

पाऊलवाट:
दुसरे तोंड सापडले, हायड्रेंजियाच्या मागे आहे. पन्हळीचा नळही वाढवला. शेजारचे काका म्हणतात की धुराची नळकांडी टाकली की काम फत्ते, आणि तोवर डांबराच्या गोळ्या टाकाव्यात.

रानजाई:
दोन्ही करू नका. त्या नळकांड्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो मातीतून घरात शिरू शकतो, आणि लाकडी डेकखाली आगीची भीती वेगळीच. घराजवळ ती वापरायचीच नसतात. डांबराच्या गोळ्या कपाटात बंद कपड्यांसाठी असतात. वेष्टनावर लिहिलेल्या कामाशिवाय त्या बाहेर टाकणे इथे बेकायदा आहे. बीळ हाताने चाचपू नका आणि मुलांना तिथून लांब ठेवा, कारण या प्राण्यात रेबीज आढळतो.

निवांत:
विम्याच्या भरवशावर राहू नका. उंदीरवर्गीय प्राण्यांनी केलेले नुकसान घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून बहुधा वगळलेले असते. खचलेल्या खांबाचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि तो भाग बांधकामाच्या जाणकाराला आत्ताच दाखवा. त्यासाठी जुलैची वाट पाहण्याचे कारण नाही.

पाऊलवाट:
बीळ रिकामे झाले हे नक्की कसे ओळखावे?

ओसरी:
दोन्ही तोंडांत वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. चांगल्या हवेचे तीन दिवस ते जागचे हलले नाहीत, तर आत कोणी नाही. मग खडी आणि माती थराथराने टाकून धुमसाने नीट ठोकून घ्या, आणि झडपेच्या जागीही जाळी लावून टाका. पण हे सारे थंडीच्या आधी उरका. शीतनिद्रेतला प्राणीही बोळा हलवत नाही.