'अडॅप्टेबल' सुरक्षेला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सवरचं (अनेक संगणक मिळून चालवतात त्या प्रणाली) टिपण मराठीत करतेय. मिडलवेअरच्या, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवरचे प्रोग्रॅम जोडणाऱ्या मधल्या थराच्या, प्रकरणात 'अडॅप्टेबल सिक्युरिटी'ला मी 'अनुकूलनक्षम सुरक्षा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'लवचीक सुरक्षा' केलं. मला पटत नाही, लवचीक म्हटलं की ढिली वाटते. कॉर्बा या मिडलवेअरच्या मानकात ॲप्लिकेशनच्या कोडला हात न लावता वाटेत इंटरसेप्टर बसवतात. विनंती कोणाची, तिला परवानगी आहे का, हे तो तपासतो. धोरण बदललं की तपासणी बदलते. याला नेमकं काय म्हणाल?

खडीसाखर: अनुकूलन म्हणजे शाळेच्या पुस्तकातला निवडुंग. तो आपला आपण बदलला, त्याला कोणी बदललं नाही. तुमचा इंटरसेप्टर ॲडमिन बदलतो. म्हणून अडॅप्टेबल म्हणजे 'बदलती ठेवता येणारी' आणि हल्ल्याची चाहूल लागताच आपणहून कडक होते ती अडॅप्टिव्ह, म्हणजे 'बदलणारी'. साध्या मराठीत फरक दिसतोय, मग संस्कृत कशाला?

पाणवठा: परिभाषेला सुटसुटीत संज्ञा लागते. 'बदलती ठेवता येणारी'चं भाववाचक नाम करून दाखवा! सावरकरांचे 'महापौर', 'दिनांक' आज कोणाला खटकतात?

जुना_कोडवाला: 'लवचीक'ची भीती रास्त आहे. २०१४ चा पूडल हल्ला आठवा. जोडणी मुद्दाम मोडत राहिलं की ब्राउझर जुन्या एसएसएल ३.० वर (वेबवरची जोडणी गुप्त ठेवायची जुनी पद्धत) उतरायचा, आणि तिथे हल्लेखोराला कुकी, म्हणजे लॉगिनची खूण, वाचता यायची. समोरच्याशी जुळवून घ्यायची सोयच अंगाशी आली. एसएसएलच्या जागी आलेल्या टीएलएसच्या २०१८ च्या १.३ आवृत्तीने कमकुवत सायफर (कूटलेखनाच्या पद्धती) काढूनच टाकले. पण आधी सांगा, मिडलवेअरला काय लिहिलंत?

रानजाई: 'मध्यस्थ प्रणाली'.

जुना_कोडवाला: मध्यस्थ भांडणं मिटवतो. कॉर्बात विनंत्या पोचवणारा भाग ओआरबी, म्हणजे ऑब्जेक्ट रिक्वेस्ट ब्रोकर; त्यातला 'बी' म्हणजे ब्रोकर. सरळ 'दलाल' लिहा.

पाणवठा: दलाल अरबीतून आलेला, शिवाय बदनाम.

खडीसाखर: मग अडत्या! आजोबा लासलगावला कांदा न्यायचे. व्यापारी कोण, त्याची पत काय, पैसे कधी मिळणार, सगळं अडत्या बघायचा. शेतकरी त्याच्यावाचून अडतो, म्हणून अडत्या.

पाणवठा: 'अडणे'शी त्याचा संबंध नाही. हिंदीत 'आढत' आहे, तिकडे कोण अडतं?

खडीसाखर: हिंदीतही 'अड़ना' आहेच की. आणि आमच्याकडे 'आडत्या' म्हणतात, 'अ' नव्हे.

रानजाई: अडत्याचं राहू द्या, 'सुरक्षा'च्या आधीचं विशेषण अजून बाकी आहे. 'धोरणानुसारी' चालेल?

जुना_कोडवाला: 'धोरणानुसारी'त बदल कुठे दिसतो? धोरण वर्षानुवर्षं तेच असू शकतं.